भट्टी अंगणात, चूल घरात

गेल्या काही वर्षांत लोणावळा, मुळशी, अलिबागकडच्या फार्महाऊसवर आणि रिसॉर्टच्या हिरवळीवर एक नवी वस्तू दिसू लागली आहे. विटामातीची, घुमटाच्या आकाराची, समोर कमानीसारखं तोंड असलेली लाकडावरची भट्टी. तिच्यात पिझ्झा भाजतात, आणि त्याच पिठाचा कालझोनेही. कालझोने म्हणजे पिझ्झ्याच्या गोल पोळीच्या अर्ध्या भागावर सारण ठेवून उरलेली अर्धी वरून दुमडायची आणि कडा बंद करायच्या. इटालियन भाषेत या शब्दाचा अर्थ विजारीचा पाय असा काहीसा होतो. आपल्याकडच्या कुठल्याही बाईला दाखवला तर ती म्हणेल, ही तर करंजी! तळहाताहून मोठी, मैद्याच्या आंबवलेल्या पिठाची आणि तिखटमिठाची, पण करंजीच. कडेला मुरडसुद्धा घातलेली असते, कारण मुरड नीट नसेल तर आतलं चीज वितळून भट्टीच्या फरशीवर सांडतं आणि जळतं.

काही मैत्रिणी म्हणतील, रेशन, पाणी, मारहाण, पोटगी हे प्रश्न सोडून श्रीमंतांच्या चोचल्यांवर कशाला लिहायचं? लिहायचं ते एवढ्यासाठी की बायकांच्या श्रमाची किंमत कशी ठरते, ते या भट्टीपाशी जितकं उघड दिसतं तितकं घरातल्या चुलीपाशी दिसत नाही. लाकूड तेच, आग तीच, पीठ मळणारे हातही बहुधा तेच. तरीही आग अंगणात आली की ती कला होते आणि तिच्यासमोर पुरुष उभा असतो. घरात असली की ते रोजचं काम असतं आणि तिच्यासमोर बाई बसलेली असते. हे असं का होतं आणि आपण त्याबद्दल काय मागायचं, एवढाच माझा विषय आहे.

कामाचे तास कुठे जातात

आधी काम समजून घेऊ. मैदा, पाणी, मीठ आणि यीस्ट मळून ठेवायचं ते पुष्कळदा आदल्या रात्रीच. पीठ फुगलं की त्याचे सारखे गोळे करून पुन्हा झाकून ठेवायचे. सारणासाठी नेपल्सकडे रिकोटा नावाचं मऊ चीज वापरतात. चीज करताना उरलेलं पाणी पुन्हा तापवून ते काढतात, आपल्या ताज्या छन्यासारखं असतं. सोबत मोझरेला आणि डुकराच्या मांसाचे काप. आपल्याकडे पनीर, पालक, मक्याचे दाणे, जे हाताशी असेल ते. सारण कोरडं असावं लागतं, त्यामुळे पालक शिजवून पिळायचा, पनीर बांधून टांगायचं, टोमॅटो आटवायचा. लाकडं फोडून वाळवून ठेवायची. हे सगळं झाल्यावर भट्टी पेटवायची, तीही पहिला कालझोने आत जाण्याच्या दीड-दोन तास आधी. सुरुवातीला घुमटाची आतली बाजू काजळीने काळी होते. वीट पुरेशी तापली की काजळी जळून जाते आणि घुमट पुन्हा पांढरट दिसू लागतो. मग निखारे एका बाजूला सारून फरशी ओल्या फडक्याने पुसायची, आणि त्यानंतर भाजण्याला सुरुवात.

नेपल्सच्या पिझ्झावाल्यांच्या संघटनेच्या नियमाप्रमाणे भट्टीची फरशी ३८० ते ४३० अंश सेल्सिअस आणि घुमट ४८५ अंशांच्या आसपास तापलेला हवा. इतक्या आगीत पिझ्झा ६० ते ९० सेकंदांत होतो. कालझोने मात्र असा होत नाही. त्याच्या पोटात सारण असतं. बाहेरचं आवरण करपेल आणि आतलं चीज थंडच राहील. म्हणून तो ज्वाळेपासून दूर, भट्टीच्या तोंडाकडे ठेवायचा, लांब दांड्याच्या फावड्याने फिरवत राहायचा आणि काही मिनिटं धीर धरायचा. आग कुठे किती आहे हे डोळ्यांनी आणि हाताच्या कातडीने ओळखावं लागतं.

हे कौशल्य आहे, यात शंका नाही. पण मैत्रिणींनो, तव्यावर पापुद्रा धरलेली भाकरी चुलीच्या तोंडाशी निखाऱ्यांसमोर टेकवून फुगवताना आपल्या आया-आज्यांनी दुसरं काय केलं? कोणत्या क्षणी तव्यावरून उतरवायची, निखाऱ्यापासून किती अंतरावर धरायची, केव्हा फिरवायची, हे त्यांना कुणी अंश सेल्सिअसमध्ये शिकवलं नाही. त्याला कौशल्य म्हणायचं कुणाला सुचलंही नाही. बाईला भाकरी यायलाच हवी, न आली तर तिच्या आईने काही शिकवलं नाही, एवढाच हिशेब.

आता तास मोजा. मळणं, चिरणं, पिळणं, आटवणं, गोळे, सारण, मुरड, नंतरची भांडी आणि पोतेरं यांना मिळून कितीतरी तास. भट्टीच्या तोंडाशी प्रत्येक नगाला काही मिनिटं. पण पाहुण्यांच्या डोळ्यांसमोर घडतात ती ही मिनिटंच, आणि टाळ्या तिथेच पडतात. एका घरगुती मेजवानीत मी हे पाहिलं आहे. घरच्या तीन बायका आणि कामाला येणारी एक अशा चौघी सकाळपासून स्वयंपाकघरात होत्या. संध्याकाळी यजमानांनी एप्रन बांधला, भट्टीसमोर उभे राहिले, आणि जेवणानंतर सगळ्यांनी म्हटलं, “आज बायकांना सुट्टी! आज साहेबांनी जेवू घातलं.” चौघींपैकी कुणी काही बोललं नाही. त्यांनाही ते तसंच वाटत असावं, इतकी ही समजूत खोल गेलेली आहे.

नेपल्सच्या गल्लीत

कोणी म्हणेल, आपल्याकडे असं होतं, पण या पदार्थाच्या माहेरी तसं नसेल. म्हणून नेपल्सकडे पाहू. तिथेही लाकडाची भट्टी पिढ्यान् पिढ्या पुरुषांच्या हातात राहिली. बापाकडून मुलाकडे, उस्तादाकडून उमेदवाराकडे. बायकांचा पिझ्झा वेगळा होता, तो तळलेला असे. दुसऱ्या महायुद्धात नेपल्सवर प्रचंड बाँबफेक झाली. युद्धानंतर शहर कंगाल होतं आणि भट्टी, लाकूड, चांगलं चीज हे सगळंच महाग. तेव्हा गल्लीतल्या बायकांनी घराच्या दाराशी कढई मांडली. तिथल्या गरिबांची घरं म्हणजे तळमजल्यावरची एकच खोली, दार थेट रस्त्यावर उघडणारं. आपल्या चाळीतल्या खोलीसारखीच. पिठाच्या गोळ्यात थोडा रिकोटा, थोडी डुकराच्या चरबीची कुरकुरीत चुरी, घडी घालून कडा दाबायच्या आणि तेलात सोडायचं. म्हणजे तळलेला कालझोनेच. त्याला भट्टी नको, दुकान नको, परवाना नको. नवरा दुसरीकडे कामाला असो की बेकार असो, बाई दारात उभी राहून चार पैसे मिळवी.

हा पिझ्झा उधारीवर विकला जाई. आज खा आणि आठ दिवसांनी पैसे द्या, अशी रीत होती आणि तिला नावही तसंच होतं. म्हणजे गल्लीतल्या उपाशी माणसांना त्या बायका एका परीने कर्ज देत होत्या. आपल्याकडे खानावळ चालवणाऱ्या बायकांनी गिरणी कामगारांना महिनाअखेरच्या पगारावर जेवू घातलं, त्याचीच ही बहीण. मुंबईत प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं ते याच खानावळवाल्यांना सावकाराच्या विळख्यातून सोडवण्यासाठी. नेपल्सच्या त्या बायकांची आठवण जगाला राहिली ती मात्र एका सिनेमामुळे. व्हित्तोरिओ दे सिकाच्या १९५४ सालच्या ‘नेपल्सचं सोनं’ या चित्रपटात उधारीवर पिझ्झा विकणाऱ्या जोडप्याची एक गोष्ट आहे आणि त्यात सोफिया लॉरेन पिझ्झावाली झाली आहे. तिचं रूप सगळ्यांच्या लक्षात राहिलं. पिठात बुडालेले हात आणि उधारीची वही कुणाच्या लक्षात राहिली?

पुढे २०१७ च्या डिसेंबरमध्ये युनेस्कोने नेपल्सच्या पिझ्झावाल्यांची कला मानवजातीचा अमूर्त वारसा म्हणून यादीत घेतली. पीठ फिरवून फेकणं, लाकडाच्या भट्टीत ते वळवत भाजणं, उमेदवारीतून विद्या पुढे देणं या सगळ्याचं त्यात कौतुक आहे. कलेचे वाहक म्हणून मुख्य उस्ताद, पिझ्झा करणारा आणि भट्टी सांभाळणारा अशी नावं घेतली आहेत. शहरात असे सुमारे ३००० कारागीर असल्याचं म्हटलं आहे. स्त्रियांना तिथे बंदी नाही, आणि परिस्थिती बदलतेही आहे. २०१५ साली तेरेसा योरिओ या नेपल्सच्याच बाईने पिझ्झ्याची जागतिक स्पर्धा जिंकली. पण त्याची बातमी झाली ती बाईने जिंकली म्हणून. भट्टीसमोर बाई उभी असणं अजून बातमी ठरतं, ही गोष्ट पुरेशी बोलकी आहे.

युनेस्कोच्या यादीत बायकांचं काम नाहीच, असं मला म्हणायचं नाही. आर्मेनियाच्या लवाशला २०१४ साली तिथे जागा मिळाली आणि ती पातळ पोळी बायकांचा गट मिळून करतो, हेही तिथे नोंदवलं आहे. म्हणून मान मिळाला की प्रश्न सुटला असं समजू नका. मान कागदावर मिळतो. पैसा, मालकी आणि शिकण्याची संधी कुणाला मिळाली, हा प्रश्न त्यानंतरही विचारावाच लागतो.

आणि आपलं खापर? खानदेशात मातीचं खापर पालथं घालून त्याखाली लाकडं पेटवतात आणि त्या तापलेल्या घुमटावर पुरणाचे मांडे भाजतात. बाई पुरण भरलेला गोळा दोन्ही हातांवर झेलत, फिरवत, कोपरापर्यंत पसरवत नेते आणि न फाटता अलगद खापरावर टाकते. नेपल्सच्या उस्तादाने पोळी हवेत फिरवली की पर्यटक फोटो काढतात. खानदेशची बाई लग्नाकार्यात आगीसमोर बसून मांड्यांवर मांडे टाकते, तेव्हा तिला कुणी उस्ताद म्हणत नाही. दोघांच्या हातात मला तरी फरक दिसत नाही.

“बायकांना झेपणार नाही”

आता माझ्या कामाच्या भागातली एक गोष्ट सांगते. डोंगराकडच्या एका गावातल्या बचत गटाला जवळच्या एका रिसॉर्टने काम दिलं. शनिवार-रविवारी गटातल्या बायकांनी यायचं, पीठ मळायचं, सारण करायचं, कालझोने भरून मुरड घालून द्यायचे. भट्टीवर शहरातून आलेला एक तरुण मुलगा. त्याचं काम चांगलं आहे आणि त्याच्याशी बायकांचं भांडण नाही. पण त्याला दिवसाचे जेवढे मिळतात, त्याच्या निम्म्याहून कमी एकेका बाईला मिळतात. तो येतो दुपारी चारला, बायका येतात सकाळी नऊला.

गटातल्या दोघी-तिघींनी भट्टीचं काम शिकण्याची इच्छा बोलून दाखवली. व्यवस्थापकांचं उत्तर ठरलेलं होतं. उष्णता फार असते, फावडं जड असतं, बायकांना झेपणार नाही. आणि वर, पाहुण्यांना भट्टीवर ‘शेफ’ बघायची सवय आहे. गटाच्या बैठकीत हे ऐकून एक जण म्हणाली, “ताई, ईटभट्टीवर डोक्यावरून इटा वाहिल्या, तवा कुनी नाय म्हनलं का बायांना झेपनार नाय.” सगळ्या हसल्या. पण त्या एका वाक्यात आपलं अर्धं अर्थशास्त्र आहे.

झेपत नाही हे कारण कधी काढलं जातं, ते बघा. वीटभट्टीवर, खाणीवर, रस्त्याच्या डांबरावर, ऊसतोडीत ते काढलं जात नाही. ज्या कामाला पैसा जास्त आणि मान जास्त, त्या कामाच्या दारातच ते उभं असतं. पंजाबातल्या गावांत साँझा चूल्हा असे, म्हणजे अनेक घरांचा मिळून एक तंदूर. तिथे बायका आपापली कणीक घेऊन जमत, धगधगत्या तंदुरात हात घालून रोट्या थापत, गप्पा मारत, सुखदुःखं सांगत. तोच तंदूर ढाब्यावर आणि हॉटेलात गेला, रोटीला पैसे पडू लागले, आणि तंदुरात हात घालणं हे एकाएकी पुरुषाचं काम झालं. आगीची धग तेवढीच होती. बदलला तो गल्ला.

त्या गटापुढे आता प्रश्न आहे. आहे त्या मजुरीवर काम चालू ठेवायचं, की मागणी करायची आणि काम जाण्याचा धोका पत्करायचा? घरात दुसरा पैसा नसलेल्या बाईला ‘तत्त्वासाठी काम सोड’ असं सांगणं सोपं नाही, आणि मी तसं सांगणारही नाही. माझं मत असं की मागणी गटाने एकत्र करावी आणि ती दुहेरी असावी. एक, तासावर किंवा दिवसावर मजुरी न घेता तयार नगावर दर घ्यावा, म्हणजे मुरड घालण्याची किंमत आणि भाजण्याची किंमत एकाच कागदावर शेजारी शेजारी दिसेल. दोन, भट्टीवर पाळी मागावी. फक्त पहिलीच मागणी केली तर पैसे थोडे वाढतील, पण बाई स्वयंपाकघरातच राहील. आणि नुसती पाळी मागितली तर एखादी बाई फोटोपुरती भट्टीसमोर उभी केली जाईल. पटत नसेल तर जरूर लिहा. अशा प्रश्नांना तोंड दिलेल्या इतर गटांचं म्हणणं मला ऐकायचं आहे.

धूर कुणाच्या डोळ्यांत

अंगणातल्या भट्टीबद्दल आणखी एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. तिला धुराडं असतं. भट्टी बांधताना धुराड्याची जागा, उंची, रुंदी यांचा विचार आधी होतो, कारण धूर पाहुण्यांच्या डोळ्यांत जाता कामा नये. वर ती उघड्यावर असते. आपल्या लाखो घरांतल्या चुलींना आजही धुराडं नाही, आणि त्या बंद खोलीत आहेत.

हा प्रश्न कुणाला माहीत नव्हता असं नाही. वर्ध्याच्या मगनवाडीत १९४७ च्या सुमारासच बिनधुराची मगन चूल तयार झाली होती. १९८०च्या दशकात केंद्र सरकारने सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम काढला आणि २००२ साली तो बंद होईपर्यंत सुमारे साडेतीन कोटी चुली वाटल्या. त्यातल्या कितीतरी लवकरच मोडल्या किंवा वापरातून गेल्या. चूल कुठे हवी, केवढ्या भांड्याची हवी, भाकरी भाजता येते की नाही, हे चूल पेटवणाऱ्या बाईला विचारून ठरवलेलं क्वचितच असे. २०१६ साली उज्ज्वला योजना आली आणि कोट्यवधी बायकांच्या नावावर गॅस जोडणी झाली. हे चांगलंच झालं. पण २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत स्वयंपाकासाठी स्वच्छ इंधन वापरणारी घरं ५८.६ टक्केच होती. सिलिंडर भरायला पैसे नसले की बाई पुन्हा सरपण गोळा करायला निघते. घरातल्या धुराने २०२० साली जगात सुमारे ३२ लाख माणसं दगावली, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. पाच वर्षांखालची २ लाख ३७ हजार बालकं त्यात आहेत.

आता याच्या शेजारी दोन गोष्टी ठेवा. नेपल्सजवळच्या सान व्हितालियानो या गावात २०१५ च्या डिसेंबरमध्ये हवा इतकी बिघडली की महापौरांनी गाळणी न बसवलेल्या लाकडाच्या पिझ्झा भट्ट्यांवरही बंदी घातली. जगभर बातम्या झाल्या. २०२५ च्या जानेवारीत मुंबई उच्च न्यायालयाने शहरातल्या लाकूड-कोळशावरच्या बेकऱ्या आणि तंदुरांना सहा महिन्यांत स्वच्छ इंधनावर जायला सांगितलं. दोन्ही निर्णयांमागचं कारण योग्य आहे. हवा सगळ्यांची आहे. पण धूर घराबाहेर पडून सगळ्यांच्या नाकात शिरला तेव्हा तो सार्वजनिक प्रश्न झाला. बाईच्या एकटीच्या नाकात होता तोवर तो तिच्या नशिबाचा प्रश्न होता. बेकरीला मुदत मिळते, नोटीस मिळते, वकील मिळतो. चुलीपुढच्या खोकल्याची सुनावणी कुठल्या न्यायालयात आहे?

“पुरुष स्वयंपाक करतात, मग तक्रार कसली?”

हा आक्षेप नेहमी येतो आणि तो प्रामाणिकपणे घेतला पाहिजे. पुरुषांनी स्वयंपाक करावा असं आपणच म्हणत आलो. मग एखादा पुरुष हौसेने कालझोने भाजत असेल तर त्याची चेष्टा कशाला?

चेष्टा करूच नये. त्याला आणखी काम द्यावं! आदल्या रात्री पीठ त्याने मळावं, पालक त्याने निवडावा, आणि पाहुणे गेल्यावर फरशी त्याने पुसावी. सणावाराचा स्वयंपाक आणि रोजचा स्वयंपाक ही दोन वेगळी कामं आहेत. सणाच्या स्वयंपाकाला आरंभ आणि शेवट असतो, बघणारे असतात, शाबासकी असते. रोजच्याला यांतलं काहीच नसतं. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर पाहणीनुसार विनामोबदला घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी २८९ मिनिटं घालवतात आणि ते करणारे पुरुष ८८ मिनिटं. भट्टीवरच्या रविवारच्या संध्याकाळींनी ही दरी भरत नाही.

दुसरा आक्षेप आपल्यातूनच येतो. काही मैत्रिणी म्हणतात, बाईला पुन्हा खाण्याच्याच धंद्यात का ढकलायचं? पापड, लोणची, मसाले झाले, आता कालझोने. चुलीपासून सुटका हवी की चुलीला पगार हवा? हा वाद जुना आहे आणि गंमत म्हणजे तोही इटलीतून गेलेला आहे. १९७२ साली पादुआ शहरात मारियारोझा दाला कोस्ता आणि तिच्या मैत्रिणींनी घरकामाला वेतन द्या ही मागणी जोरात पुढे आणली. कारखान्यात उद्या कामाला येणारा मजूर आज घरात जेवून, विश्रांती घेऊन तयार होतो, तर त्याला तयार करणारं काम फुकट का, असा त्यांचा सवाल होता. त्यावर अँजेला डेव्हिससारख्या विचारवंत स्त्रीने १९८१ साली उलट बाजू मांडली. पगार दिला तर बाई घरातच डांबली जाईल, त्यापेक्षा घरकामच समाजाने वाटून घ्यावं, ते घराबाहेर काढावं, असं तिचं म्हणणं.

मला या वादात भट्टी मदतीला येते असं वाटतं. भट्टीचा स्वभावच मुळी एका घरापुरता नाही. इतकी वीट तापवायला जे जळण लागतं ते चार माणसांच्या जेवणासाठी परवडत नाही. एकदा तापली की तास न् तास ती हळूहळू निवत जाते. आधी जोराच्या आगीत पिझ्झा, मग कालझोने, मग पाव, मग रात्रभर मंद उबेत कडधान्याचं भांडं. म्हणूनच युरोपातल्या कितीतरी गावांत सगळ्यांची मिळून एक भट्टी असे. मोरोक्कोच्या जुन्या शहरांत आजही घरी मळलेली कणीक गल्लीतल्या भट्टीवर भाजायला पाठवतात. गोव्याचा पोदेर पहाटे गावभर पाव देतो, म्हणून गोव्यातल्या बाईला रोज पाव भाजत बसावं लागत नाही. स्वयंपाकातला एक मोठा भाग घराबाहेर काढता येतो आणि त्याने संसार बुडत नाही, याचा हा पुरावा आहे.

अट एकच. काम घराबाहेर गेलं की ते पुरुषाचं आणि पैशाचं होतं, घरात राहिलं की बाईचं आणि फुकटचं, ही वाटणी आपण तशीच बाहेर जाऊ द्यायची नाही. १९७२ साली महागाईविरुद्ध मुंबईच्या बायका लाटणी घेऊन रस्त्यावर आल्या, तेव्हा स्वयंपाकघरातली वस्तू राजकारणाची वस्तू झाली होती. आता लांब दांड्याचं फावडंही तसंच हातात घ्यायला हवं.

गटांनी, संघटनांनी काय करावं, याबद्दल माझ्या सूचना अशा. ज्या बचत गटांना हॉटेल, रिसॉर्ट किंवा खाद्यमहोत्सवाचं काम मिळतं त्यांनी पीठ मळण्यापासून पोतेऱ्यापर्यंतचे सगळे तास वहीत मांडावेत आणि दर ठरवताना ती वही समोर ठेवावी. बचत गटांच्या सरकारी प्रदर्शनांत बायकांना नुसते स्टॉल न देता मोठी उपकरणं चालवण्याचं प्रशिक्षण आणि त्यासाठी कर्ज मागावं, आणि ते उपकरण गटाच्या नावावर असावं, कुणाच्या नवऱ्याच्या नावावर नको. गावात सामायिक भट्टी किंवा स्वयंपाकघर उभारायचं झालं तर ते लाकडावर नको, गॅसवर किंवा विजेवर असावं. बाईची फुफ्फुसं जाळून येणारी चव आपल्याला नको. लाकूडच वापरायचं असेल तर उघड्यावर, आणि धुराडं आधी. त्या स्वयंपाकघरात पुरुषांची पाळी लेखी लावलेली असावी, सणाचीच नव्हे तर मंगळवारचीही. आणि आपापल्या भागात खापरावर मांडे टाकणाऱ्या, भट्टीवर फुटाणे-मुरमुरे भाजणाऱ्या, शेकडो माणसांचा स्वयंपाक लाकडावर उतरवणाऱ्या बायका असतील, त्यांना गाठून त्यांच्याकडून हे काम शिकून घ्यावं, आणि शिकवण्याचं मानधन त्यांना द्यावं. त्यांना उस्ताद म्हणायला आपण युनेस्कोची वाट कशाला बघायची?